त्या खलनायकाबद्दल माफी कशाला?

दर वर्षी १३ जुलै जवळ आला की निळू फुले यांच्यावर लेख येतात आणि त्यांतलं एक वाक्य ठरलेलं असतं. पडद्यावर इतका नीच वाटणारा हा माणूस प्रत्यक्षात किती सज्जन होता! मग दाखले दिले जातात. सेवा दलाचा संस्कार, साधी राहणी, वाचनाचं वेड, चळवळींना मदत. २००९ साली ते गेले तेव्हा हेच लिहिलं गेलं आणि आजही हेच लिहिलं जातं. दुसरीकडे, ज्यांनी त्यांचा एकही सिनेमा पुरता पाहिलेला नाही अशी मुलं त्यांना ‘बाई, वाड्यावर या’ एवढ्यावरून ओळखतात. मोबाइलवर त्यांचा चेहरा फिरतो, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात कुणीतरी मान तिरकी करून, घोगऱ्या आवाजात त्यांची नक्कल करतो आणि समोरचे पोट धरून हसतात.

एकीकडे गौरव, दुसरीकडे थट्टा. माझं म्हणणं असं आहे की दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे आणि त्यामुळे मराठीतल्या एका फार मोठ्या नटाचं काम आपल्या नजरेआड झालं आहे. खलनायक हे निळूभाऊंचं पोटापाण्याचं सोंग होतं आणि खरा माणूस त्याच्या मागे कुठेतरी लपलेला होता, असं आपण धरून चालतो. गौरव करणारे त्या सोंगाबद्दल त्यांच्या वतीने माफी मागतात, थट्टा करणारे त्याचं खेळणं करतात. मला ही माफीही मान्य नाही आणि हे खेळणंही मान्य नाही. निळू फुले यांनी आयुष्यात जी सामाजिक कामं केली, त्यांतलं सर्वांत मोठं काम तो खलनायक हेच होतं. त्यांची चळवळ आणि त्यांचा पडद्यावरचा पाटील यांत काडीचाही विरोध नव्हता.

हे सिद्ध करायचं तर ते कुठून आले ते आधी पाहायला हवं. पुण्यातल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला. एस. एम. जोशी, साने गुरुजी यांना मानणारी ही मंडळी गावोगाव जाऊन लोकनाट्यं करत. राम नगरकर, दादा कोंडके हेही याच वाटेने पुढे आले. १९५७च्या निवडणुकीच्या धामधुमीत निळूभाऊंनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य स्वतः लिहिलं. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये त्यांनी काम केलं. पुढे शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना व्यावसायिक रंगभूमीवर नाव मिळवून दिलं.

या यादीकडे नीट पाहिलं तर त्या काळी लोकनाट्याच्या मंचावर कुणाला उभं केलं जात होतं ते कळतं. मत मागायला येणारा पुढारी, खुर्चीसाठी टोपी फिरवणारा कार्यकर्ता, गावाला नाचवणारा कारभारी. वगातल्या सोंगाड्याला राजालाही बोलायची मुभा असते. गण-गवळण संपून बतावणी सुरू झाली की समोर बसलेल्या पाटलाचीही त्यातून सुटका नसते. निळूभाऊंनी सत्तेकडे पाहण्याची नजर इथे कमावली. उघड्या मैदानात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, समोर खुद्द गावचा कारभारी मांडी घालून बसलेला असताना त्याच्यावर टीका कशी करायची, तो हसेल पण त्याला लागेलही, हे त्या मंचावर शिकता येतं. नाट्यशाळेत हे कुणी शिकवत नाही. सेवा दलातून बाहेर पडून सिनेमात गेल्यावर या माणसाने विषय बदलला नाही. ज्या पुढाऱ्याची टर उडवत होता, त्याच पुढाऱ्याच्या कातडीत तो शिरला. आधी बाहेरून दाखवत होता, आता आतून दाखवू लागला.

पाटील तर मराठी सिनेमात आधीपासून होता, त्यात नवं काय, असा प्रश्न येईल. त्याचं उत्तर महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात आहे. जुन्या ग्रामीण चित्रपटातला दुष्ट हा बहुतेक वेळा सावकार असे. गहाणखत, चक्रवाढ व्याज, शेवटी जमिनीवर टाच. १९६० साली राज्य झालं, १९६२ साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, प्रवरेला सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याच्या पावलावर पाऊल टाकून पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहिले. त्यांनी गावांचं भलंही केलं. ऊस आला, शाळा आल्या, दवाखाने आले, रस्ते आले. पण त्याबरोबरच गावात एक नवा माणूसही तयार झाला. सोसायटी त्याच्या हातात, बँक त्याच्या हातात, पंचायतीत त्याचा शब्द, ठाण्यात त्याचा फोन, शाळेच्या समितीवर त्याचा भाऊ. सावकाराचा लोक तिरस्कार करत. या नव्या माणसाला लोक मत देत, हार घालत आणि त्याच्याच दारात अर्ज घेऊन उभे राहत. त्याचा जुलूम कृतज्ञतेच्या आवरणाखाली होता. हा माणूस समाजशास्त्राच्या पुस्तकांत यायला वेळ लागला. वृत्तपत्रं त्याच्याबद्दल दबकत लिहीत. मराठी माणसाला तो पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो निळू फुले यांच्या चेहऱ्यात.

१९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून झेले अण्णा आला आणि प्रेक्षकांनी त्याला लगेच ओळखलं, कारण तो त्यांच्याच गावात राहत होता. त्यानंतर सहा वर्षांनी ‘सामना’ आला. रामदास फुटाणे निर्माते, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल यांचा पहिलाच चित्रपट. पुढच्याच वर्षी तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातला हिंदूराव धोंडे-पाटील हा माझ्या दृष्टीने मराठी पडद्यावरचा सर्वांत बारकाईने अभ्यासलेला सत्ताधारी आहे, आणि ‘पडद्यावर नीच’ हे विशेषण किती तोकडं आहे ते याच भूमिकेत कळतं.

कुठून तरी भरकटत आलेला, दारूच्या आहारी गेलेला एक मास्तर हिंदूरावाच्या नजरेस पडतो आणि हिंदूराव त्याला वाड्यावर घेऊन येतो. खायला घालतो, प्यायला देतो, आपलं साम्राज्य हिंडून दाखवतो. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर पीत पीत एका नावाशी अडखळतो, मारुती कांबळे. लष्करातून गावी परतलेला हा दलित जवान पुढे कुठे गेला, हे कुणीच सांगत नाही. मास्तर विचारत राहतो. आता हिंदूराव काय करतो ते पाहा. दुसरा एखादा खलनायक डोळे वटारेल, माणसं अंगावर घालेल. निळूभाऊंचा हिंदूराव पाहुणचार वाढवतो. आवाज आणखी खाली आणतो. त्याच्या बोलण्यात मास्तरबद्दल आदर आहे, आणि भीती वाटते ती याची की तो आदर खोटा नाही. त्याला या माणसाची संगत खरोखर हवी आहे. आपण उभं केलेलं सगळं एका शिकलेल्या, देशासाठी झिजलेल्या माणसाने पाहावं आणि बरं म्हणावं, ही त्याची भूक आहे. म्हणून तो मास्तरला मारत नाही, विकत घ्यायला पाहतो. विकत घेता येत नाही हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर राग येण्याआधी दुखावलेपण येतं. खून पचवलेल्या माणसाला एका दारुड्याच्या नापसंतीने दुखावताना दाखवायचं आणि तरी प्रेक्षकाला त्याची कीव येऊ द्यायची नाही, हे काम किती अवघड आहे याची कल्पना नटांना असेल. इथे नटाला सत्तेचं मन आतून ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक असणं आणि सेवा दलात असणं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत्या.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो. जाणकार म्हणवणारे लोक हा आक्षेप घेतात. त्यांचं म्हणणं, निळू फुले मोठे खरे, पण साच्यात अडकले. पांढरं धोतर, टोपी, तिरकी मान, घोगरा आवाज. शंभर सिनेमांत एकच माणूस. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते निर्मात्यांच्या बाबतीत. निर्मात्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा त्याच कपड्यांत उभं केलं, ही मराठी चित्रपटधंद्याची कल्पनाशून्यता होती. तिचं खापर नटाच्या माथी फोडायचं असेल तर आधी त्याने मिळेल तिथे काय करून दाखवलं ते मोजायला हवं.

१९७२ साली तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ कमलाकर सारंग यांनी रंगमंचावर आणलं. सखाराम होते निळू फुले, चंपा होत्या लालन सारंग. परिनिरीक्षण मंडळाने ३२ ठिकाणी कात्री सुचवली, नाटकावर बंदी आली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या गदारोळात नाटकातला अभिनय बाजूला पडला आणि अजूनही बाजूलाच आहे. सखाराम हा पाटील नव्हे. त्याच्याकडे वाडा नाही, पद नाही, जमीन नाही. पुस्तकं बांधून पोट भरणारा, नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, लग्नसंस्थेला शिव्या घालणारा आणि आपण कुणाला फसवत नाही याचा अभिमान मिरवणारा माणूस. चिलीम ओढतो, मृदंग वाजवतो. गावातल्या ढोंगी सभ्यांपेक्षा तो अधिक खरा वाटू लागतो आणि तेवढ्यात कळतं की त्याचा खरेपणाही घरातल्या बाईवरच्या हुकमतीवर उभा आहे. नाटकाच्या शेवटी चंपाचा खून करून बसलेला हा पुरुष निश्चल होतो आणि पुढचं सगळं घरातल्या दुसऱ्या बाईला, लक्ष्मीला करावं लागतं. मोठमोठ्याने बोलणारं पुरुषपण शेवटी कोसळतं. हिंदूरावाची सत्ता कारखान्यातून येते, सखारामची एका खोलीतून. एकाच नटाने दोन वर्षांच्या अंतराने सत्तेची ही दोन टोकं दाखवली. याला साचा म्हणायचं?

आणि १९७९चा ‘सिंहासन’? अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगार पुढारी. साच्याचा नियम लावायचा तर या गोतावळ्यात निळूभाऊंना एखादं मंत्रिपद मिळायला हवं होतं. जब्बार पटेलांनी त्यांना पत्रकार केलं. दिगू टिपणीस सगळ्यांच्या दालनांत जातो, सगळ्यांचं ऐकतो, सगळं जाणतो आणि त्याच्या जाणण्याने काहीही बदलत नाही. आयुष्यभर हुकूम सोडणारी माणसं रंगवलेल्या या नटाने इथे जवळजवळ अख्खा सिनेमा ऐकण्यात काढला आहे. समोरचा बोलतो तेव्हा दिगूचे डोळे बघा. तो बातमी टिपत नाही, माणूस टिपतो. शेवटी सत्तेची सारी उलथापालथ जिथल्या तिथे येऊन थांबते आणि दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू मराठी सिनेमातल्या कुठल्याही भाषणापेक्षा कठोर आहे. पाच वर्षांपूर्वी जो सत्ता भोगत होता तोच आता सत्तेचा साक्षीदार म्हणून हसतो आहे, हे ज्या प्रेक्षकाला ठाऊक होतं त्याच्या अंगावर काटा आला असणार.

जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकात तर ते उलट्या टोकाला गेले. ज्या पिढीने स्वातंत्र्यासाठी तुरुंग पाहिला, तिच्यातला एक म्हातारा आणि सत्तेच्या खुर्चीवर बसलेला त्याचा मुलगा असा तो सामना आहे. तो म्हातारा निळू फुले यांनी केला. १९८४ साली महेश भट यांच्या ‘सारांश’मध्ये ते गजानन चित्रे झाले. इथला पुढारी शहरी आहे. त्याला धोतराची आणि वाड्याची गरज नाही. मुंबईतल्या एका निवृत्त शिक्षकाच्या घरातली भाडेकरू मुलगी त्याच्या मुलापासून गरोदर आहे आणि ते मूल त्याला नको आहे, एवढ्यासाठी तो दोन म्हाताऱ्या जीवांचं जगणं मुश्कील करतो. झेले अण्णापासून चित्र्यांपर्यंतची ही सोळा वर्षं एका ओळीत लावून पाहिली तर सत्ता गावच्या चावडीवरून कारखान्यात, कारखान्यातून मंत्रालयात आणि तिथून शहरी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात कशी शिरली याचा इतिहास दिसतो. एका नटाच्या अंगावर राज्याच्या राजकारणाची इतकी अखंड नोंद क्वचितच झाली असेल.

आता सर्वांत कठीण आक्षेप. तो टाळून हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. त्या काळातल्या तमाशापटांत आणि ग्रामीण चित्रपटांत बाईवरचा अत्याचार हा मसाला म्हणून वापरला जाई. पाटलाने हात धरायचा, पदर ओढायचा, कॅमेऱ्याने ते चवीने पाहायचं. अशा अनेक चित्रपटांत निळू फुले होते. मग ज्याला तुम्ही सामाजिक काम म्हणता ते काम बाईच्या विटंबनेच्या व्यापारात सामील नव्हतं का?

व्यापार होता, हे मी मान्य करतो. ती दृश्यं ज्या पद्धतीने लिहिली आणि चित्रित केली गेली त्याचं समर्थन करता येणार नाही, आणि पडद्यावर उभा असलेला नट त्यातून पूर्ण वेगळा काढता येत नाही. पण कॅमेरा काय करत होता आणि नट काय करत होता, हे दोन्ही वेगवेगळं पाहणं आपलं कर्तव्य आहे. अशा प्रसंगांत सराईत खलनायक वासना दाखवतो. श्वास जड करतो, ओठांवरून जीभ फिरवतो, लोचट हसतो. निळूभाऊंच्या पाटलात वासनेपेक्षा ठळक दिसतो तो हक्क. तो बाईकडे घाईने येत नाही, कारण त्याला घाई नाही. ती जाणार कुठे? रान त्याचं, विहीर त्याची, तिचा नवरा त्याच्या कारखान्यात रोजंदारीवर. तो तिला ‘बाई’ म्हणतो, आदराने बोलवतो, आवाज मऊ ठेवतो. ओरडायची गरज ज्याला पडत नाही अशा माणसाचा तो मऊपणा आहे. अर्ज करायला आलेल्या विधवेला, रेशनकार्डासाठी, मजुरीच्या हिशेबासाठी आलेल्या बाईला गावोगाव जे ऐकावं लागत होतं, ते त्या सुरात होतं. म्हणूनच खेड्यापाड्यांतल्या बायका निळूभाऊंना पाहून बोटं मोडत, शिव्या घालत. त्या भोळ्या होत्या, सिनेमा आणि आयुष्य यांतला फरक त्यांना कळत नव्हता, असं सांगून आपण वर्षानुवर्षं त्यांच्यावर हसत आलो. त्यांना फरक नीट कळत होता. आपल्या गावातला माणूस त्यांनी पडद्यावर ओळखला होता आणि त्याला तोंडावर देता येत नव्हती ती शिवी त्या इथे देत होत्या. त्या अभिनयाचं इतकं अचूक परीक्षण एकाही समीक्षकाने केलेलं नाही.

आता हे आजच्या थट्टेशेजारी ठेवून बघा. ‘वाड्यावर या’ हे आता मित्रांच्या कट्ट्यावर म्हटलं जातं, कार्यालयात सहकारी स्त्रीला उद्देशून म्हटलं जातं आणि तिने हसावं अशी अपेक्षा असते. ती हसली नाही तर तिला विनोद कळत नाही. म्हणजे जो सूर बाईच्या मनात धडकी भरवणारा म्हणून एका नटाने जिवापाड मेहनतीने पकडला, त्या सुरातली धडकी आपण काढून टाकली आणि उरलेली लकब पुरुषांच्या करमणुकीला दिली. नक्कल करणाऱ्याच्या शेजारी ती बाई कधीच नसते. तिच्या चेहऱ्यावरची भीती त्या तीन शब्दांचा अर्धा अर्थ होती, आणि तीच गळाली आहे. निळू फुले यांचा याहून मोठा अपमान मला कल्पिता येत नाही. त्यांनी जुलमी माणूस ओळखायला शिकवलं आणि आपण त्याचंच सोंग करायला शिकलो.

सज्जनपणाची ग्वाही देणारे लेख या अपमानाला उत्तर देत नाहीत, उलट त्याची सोय करून ठेवतात. माणूस देवासारखा होता असं एकदा म्हटलं की त्याची भूमिका निरुपद्रवी होते. ज्या सत्तेवर त्याने बोट ठेवलं होतं ती सुखरूप सुटते. म्हणून तर हे वाक्य सर्वपक्षीय श्रद्धांजलीत सहज बसतं. हिंदूरावाचे वारसदारही मंचावर उभे राहून निळूभाऊंच्या साधेपणाला वंदन करू शकतात, कारण कुणी त्यांना हिंदूरावाबद्दल विचारत नाही.

गौरवाच्या नावाखाली आणखी एक गोष्ट चालते आणि तिचाही प्रतिवाद केला पाहिजे. निळूभाऊंना ‘मातीतला कलावंत’, ‘जन्मजात नट’, ‘उपजत अभिनय’ अशी विशेषणं लागतात. ती लावणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण त्यांत एक जुनी वर्गवारी लपलेली आहे. प्रमाण भाषा बोलणारा, शिकलेला नट अभ्यास करतो. बोलीत बोलणारा, कष्टकऱ्यांतून आलेला नट मात्र झाडाला फळ यावं तसा अभिनय करतो! ‘सामना’मध्ये डॉ. लागूंच्या अभ्यासावर लिहिताना आपण थकत नाही, आणि त्यांच्यासमोर तितक्याच ताकदीने उभ्या राहिलेल्या माणसाच्या वाट्याला ‘सहजता’ हा एक शब्द येतो. हा माणूस अफाट वाचत होता. वीस वर्षं मंचावर तावूनसुलाखून निघाला होता. लोकनाट्य लिहीत होता, बसवत होता. बोलीचा लहेजा, वाक्य अर्धवट सोडण्याची ढब, समोरच्याला ताटकळत ठेवणारा तो विराम, हे सगळं त्याने निवडलेलं होतं. दिगू टिपणीस करताना त्याने ते सगळं बाजूला ठेवलं, यातच ते निवडलेलं होतं हे सिद्ध होतं. जी गोष्ट उपजत असते ती अशी काढून ठेवता येत नाही. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, तो काही मातीला मिळालेला नव्हता.

‘चरित्र अभिनेता’ या पायरीबद्दलही असंच. नायक, नायिका, मग चरित्र अभिनेते, मग इतर, अशी श्रेयनामावलीची उतरंड आपण गुणांची उतरंड समजून बसलो. हिंदी सिनेमाने त्यांना ‘कुली’सारख्या चित्रपटांत कडेच्या जागा दिल्या, म्हणून त्यांचं हिंदीत ‘काही झालं नाही’, असाही सूर असतो. पण चित्रपट संपल्यावर त्यातलं जग खरं वाटलं की नाही, हे बहुधा नायक ठरवत नाही. नायक सगळ्या चित्रपटांत सारखाच असू शकतो. गाव कुठलं, काळ कुठला, सत्ता कुणाची आणि किंमत कुणी मोजली, हे शेजारच्या माणसांकडे पाहून कळतं. सत्तरच्या दशकातला पश्चिम महाराष्ट्र कसा होता हे उद्याच्या इतिहासकाराला पाहायचं असेल तर त्या काळच्या नायकांकडे बघून त्याला फार थोडं सापडेल. त्याला निळू फुले यांच्याकडेच यावं लागेल.

राहिला प्रश्न त्यांच्या पडद्याबाहेरच्या कामाचा. तेही मी नाकारत नाही; मी त्याला प्रायश्चित्त म्हणायचं नाकारतो. पूर्ण वेळ चळवळीला देणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून डॉ. लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्यासाठी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या मंचावर ते उभे राहिले. या कामाच्या तळाशी असलेला विचार सरळ आहे. समाजात कुणाकडे अमाप ताकद साठते, कुणाकडे अजिबात नसते, आणि नटाला मिळालेली लोकप्रियता ज्यांच्याकडे ताकद नाही त्यांच्या बाजूला उभी करता येते. ‘सामना’मधला मारुती कांबळे आणि गावात एकटा झुंजणारा कार्यकर्ता यांच्यात नातं आहे. पडद्यावर निळूभाऊंनी दाखवलं की असा माणूस कसा संपवला जातो; पडद्याबाहेर त्यांनी तो संपू नये म्हणून पैसे गोळा केले. पहिलं काम पाप आणि दुसरं पुण्य, असा हिशेब मांडणारे दोन्ही कामांचा अर्थ घालवतात. २००९ साली आलेल्या, शेतकऱ्यांच्या हालाखीवरच्या ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’मध्ये ते अखेरचे दिसले, तेव्हाही विषय तोच होता. सत्ता कुणाची आणि मरण कुणाचं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. निळू फुले यांच्या स्मृतिदिनाला त्यांच्या चांगुलपणाचे किस्से पुरे झाले. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ एकापाठोपाठ एक दाखवा आणि त्यानंतर चर्चा ठेवा, तीही कारखान्याच्या, बँकेच्या, बाजार समितीच्या गावात ठेवा. नाट्यशाळांत हिंदूराव आणि दिगू यांचे प्रसंग समोरासमोर ठेवून मुलांना शिकवा, म्हणजे ‘सहजता’ किती कष्टाने येते ते त्यांना कळेल. जुन्या ग्रामीण चित्रपटांच्या बऱ्या प्रती शोधून जतन करा, कारण त्यांतल्या टाकाऊ चित्रपटांतही या नटाची काही मिनिटं टाकाऊ नाहीत. आणि कुणी मान तिरकी करून ती तीन शब्दांची लकब उडवू लागला की हसू नका. त्याला विचारा, ज्या बाईला बोलावलं ती कुठे आहे, तिचं काय झालं? तो गप्प बसेल. त्याला गप्प बसवणारा प्रश्न विचारायला निळू फुले यांनीच आपल्याला शिकवलं होतं. त्यांचा खलनायक पुन्हा भीतिदायक झाला पाहिजे. ज्या दिवशी तो होईल, त्या दिवशी त्या नटाला खरी आदरांजली मिळेल.